परातीत टाकल्याशिवाय पाण्यात नाही

इकडं ये गं ठके. अशी जवळ बस, आणि तो मोबाईल ठेव बाजूला. तोंड लपवू नकोस, मला सगळं कळलंय. मालवणला जाऊन आलीस, पाठीवर टाकी बांधून समुद्रात उतरलीस, माशांबरोबर फोटो काढून घेतलेस. फोटो झकास आहेत. पण उतरायच्या आधी त्या लोकांनी तुला एक कागद दिला होता. आजार आहे का, औषध चालू आहे का. त्यावर तू वरपासून खालपर्यंत 'नाही, नाही, नाही' अशा खुणा करून मोकळी झालीस. का, तर म्हणे, "आत्याआजी, खरं लिहिलं असतं तर उतरू दिलं नसतं." आणि हे मला फोनवर हसत हसत सांगतेस. अगं, मग तो कागद कशाला असतो? भजी ठेवून खायला?

तू रोज एक गोळी घेतेस. कसली, ते मी इथं लिहिणार नाही. ते तुझं आहे. तुझं खरं नावही ठकी नाही. माझ्या भावाला नाती पाच, त्यातली ही कुठली ते वाचणाऱ्यांनी शोधत बसू नये. पण माणला राहतेस, माझ्यापासून तासाभराच्या वाटेवर, आणि तुला चार शब्द सुनावायला मला दिवाळी अंकात लिहावं लागतं, ही काय तऱ्हा झाली?

तर आता ऐक. तुझा तो कागद निघायच्या कितीतरी आधी मुळशीच्या धरणावर हेच काम मी केलंय. कागद नव्हता. माझ्याकडं तांब्याची एक परात होती.

साठ सालाच्या मागंपुढं धरणाच्या काठाला पाहुण्यांसाठी एक बंगला होता. मी तिथं स्वयंपाकाला. माझे घरधनी लवकर गेले, मागं मूलबाळ नव्हतं, म्हणून धाकट्या भावाला, नामाला, घेऊन मी तिथंच मागच्या खोलीत राहायची. पाऊस सरला, पाणी निवळलं की दर रविवारी पुण्या-मुंबईची दहाबारा हौशी माणसं मोटारींनी यायची. घोड्याची हौस, बंदुकीची हौस मी बघितली होती. पण चांगल्या घरच्या माणसानं रबरी मुखवटा चढवून, पाठीला लोखंडी टाकी बांधून पाण्याच्या बुडाशी जाऊन बसायचं, ही हौस पहिल्यांदा बघितली. त्यांचे म्होरके एक डॉक्टर होते, पुण्यात त्यांचा दवाखाना. आम्ही त्यांना नुसतं डॉक्टरसाहेब म्हणायचो.

खाली बघायला काय होतं? आमची गावं होती. धरण झालं तेव्हा बुडालेली. घरांची जोती, बांध, एका देवळाच्या भिंती. दहा पुरुष खोल पाण्याखाली आमचा भैरोबा बसलेला, आणि त्याचं दर्शन घेऊन कोण यायचं, तर पुण्याच्या डेक्कनवरचे साहेब.

परात आली ती एका घड्याळापायी. पाण्यात उतरताना माणसं खिशातल्या वस्तू कुठंही ठेवायची, एकाचं घड्याळ गवतात हरवलं. पुढच्या रविवारी मी ओसरीवर परात मांडून बसले. म्हटलं, ज्याचं जे असेल ते हितं टाका, मी राखते. घड्याळं पडली, पेनं पडली, चष्मे पडले. आणि त्यांच्याबरोबर पडल्या गोळ्या. कुणाची कागदाची पुडी, कुणाची बाटली. डॉक्टरसाहेब येता येता थबकले. एक बाटली उचलून म्हणाले, "हे गृहस्थ मला म्हणाले होते, कसलंही औषध चालू नाही!"

मी म्हटलं, "सायेब, तुमी इचारता आजार हाय का. आजारी म्हंजी आमच्यात अंथरुणाला खिळल्याला. चालता-बोलता माणूस कशाला व्हय म्हनंल? त्याला इचारा, सकाळी तोंड धुतल्यावर पाण्यासंगं काय घेता."

डॉक्टरसाहेब म्हणाले, "मग तुम्हीच विचारा." त्या दिवसापासून ते काम माझं झालं. मी शाळेची पायरी चढलेली नाही. अक्षर शिकले ते बाटल्यांच्या चिठ्ठ्यांवर. आधी इंग्रजी, मग मराठी, अशी माझी उलटी शाळा. साहेबांनी मला एकेक समजावलं. फिट येते का, दम लागतो का, कानातून पाणी येतं का, छातीत दुखतं का, साखर आहे का, काल रात्री दारू घेतली का, आज सर्दीची गोळी घेतली का. कारण त्या गोळीनं झोप येते, आणि पाण्याखाली डुलकी काढायला जागा नाही. विचारायची रीत मात्र माझी. चारचौघांत नाही. एकेकाला चुलीपाशी बोलवायचं, हातात चहा द्यायचा आणि विचारायचं. चुलीसमोर माणूस कमी खोटं बोलतो. आणि नियम एकच. परातीत टाकल्याशिवाय पाण्यात नाही.

एकदा एक गिरणीवाले साहेब आले मुंबईहून. ही उंची, हा आवाज. चहा घेतला आणि म्हणाले, "औषधबिवषध काही नाही. ठणठणीत आहे मी." परातीत सोन्याचं घड्याळ, पेन आणि सिगरेटचा पत्र्याचा डबा टाकला. मी डबा उघडून नाकाला लावला. माझे सासरे दम्यावर धोतऱ्याची सुकी पानं चिलमीतून ओढायचे. तो वास मी जन्मात विसरणार नाही.

"सायेब, ही सिग्रेट न्हाई. ही दम्याची हाय."

"तुला काय कळतं गं? तू भाकऱ्या थाप!"

"भाकऱ्याच थापतीया, म्हनून तर सांगती," मी म्हटलं, आणि तव्यावरची भाकरी त्यांच्यासमोर निखाऱ्यावर टाकली. "ही बघा फुगली. वाफेला वाट हाय तवर ठीक. वाट न्हाई घावली तर काय व्हतं, ते बगा." भाकरी कडेला फाटली आणि वाफ भसकन बाहेर आली. "खाली बुडाशी तुमी जी हवा छातीत घेता, ती वर येताना अशी फुगती. चांगल्या छातीतनं ती निघून जाती. दम्याच्या छातीत कफानं वाट अडवल्याली. मग फाटतं ते हितं." आणि माझ्या छातीवर मी हात मारला.

साहेब लालबुंद झाले. डॉक्टरांकडं गेले. "ही स्वयंपाकीण मला शिकवणार?"

डॉक्टरसाहेब मुखवटा पुसत होते. वर न बघता म्हणाले, "मी सांगितलं असतं तेच तिनं सांगितलं. फक्त माझ्याकडं भाकरी नव्हती. पारूबाई नाही म्हणाल्या म्हणजे नाही." साहेब न जेवता मोटारीत बसून गेले. त्यांच्या वाटणीचं पिठलं मी मिटक्या मारत खाल्लं, खोटं कशाला सांगू!

पण सगळ्याच वेळा अशी जीत होत नसे. एकदा एक नवी नवरी आली, नवऱ्याबरोबर. कॉलेज शिकलेली, पोहण्यात बक्षिसं मिळवलेली. परातीत बांगड्या टाकल्या, मंगळसूत्र टाकलं, आणि रुमालात बांधलेली चिंच. मी तिला चुलीपाशी घेतलं.

"कितवा म्हैना?"

ती दचकली. "तिसरा. अजून यांनाही सांगितलं नाही. मावशी, सासूबाईंना कळलं की उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देणार नाहीत. आजचा एकच दिवस आहे माझा. तुम्ही बोलू नका ना."

पोटुशी बाई खाली न्यायची नाही, हे डॉक्टरांनी मला सांगून ठेवलं होतं. त्या दाबानं आतल्या जिवाचं काय होतं ते कुणालाच ठाऊक नाही, म्हणून नाही. मी डॉक्टरांच्या कानात सांगितलं, फक्त त्यांच्याच. बाकीच्यांना म्हटलं, बाईंना सर्दी आहे, कानाला दडे बसलेत. ते रोजचंच होतं, कुणी पुढं विचारलं नाही. ती दिवसभर माझ्याजवळ बसून पावटे सोलत होती. आधी रडली, मग दहा शेंगांमागं एकदा हसायला लागली. जाताना म्हणाली, "तुम्ही माझा दिवस घेतलात, पण माझी गोष्ट नाही घेतलीत." तेव्हा मला कळलं की ज्याला कळायला हवं त्याच्याच कानात सांगायचं, गावाला नाही. कळलं, म्हणजे असं मला वाटलं.

आता नामाचं. तुझ्या आजोबाचं.

नामाला लहानपणापासून फेफरं यायचं. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा. अंग ताठ व्हायचं, डोळे फिरायचे, तोंडाला फेस. पुढं पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात बारीक पांढरी गोळी मिळायला लागली. महिन्याला एसटीनं जाऊन मी आणायची. रोज एक घेतली की दोन-दोन वर्षं काही नाही. हे फक्त मला आणि त्याला ठाऊक. गोळ्या त्यानं चुन्याच्या डबीत ठेवलेल्या. आमच्याकडं ज्याच्या घरात फेफरं, त्या घरात कुणी पोरगी देत नाही, त्या घरची करत नाही. आजार झाकायचा आणि मांडव उभारायचा, ही आमची रीत. मीही त्याच रीतीची.

नामा आधी त्या मंडळींच्या टाक्या वाहायचा, होडी वल्हवायचा. पोहण्यात तो मासाच. डॉक्टरांनी त्याला छातीभर पाण्यात टाकी बांधून शिकवायला घेतलं. त्यांना वाटलं, एक गावचा माणूस तयार झाला तर बरं. दर रविवारी त्याचीही वस्तू परातीत पडायची. ती डबी.

एकदा डॉक्टरसाहेबांनी विचारलं, "नामाच्या डबीत काय आहे?"

"चुना हाय," मी म्हटलं.

साऱ्या दुनियेची पुडकी उघडून बघणारी मी. घरची डबी मात्र उघडली नाही. छातीभर पाण्यात काय होतंय, असं मनाला समजावलं.

मग घोटावड्याचं स्थळ आलं. पोरगी चांगली, घर चांगलं. मुलीचे चुलते म्हणाले, पोरगा पाण्याखाली जातो म्हणे, बघायला येतो. त्याच सुमाराला डॉक्टर नामाला म्हणाले, येत्या रविवारी तुला देवळापर्यंत नेतो. दहा पुरुष खोल! नामा हरखून गेला. मी त्याला एवढंच म्हटलं, "नामा, तू नगं जाऊस बाबा."

तो फणकारला. "आक्का, आपल्या आज्याचं गाव. सायेब लोकांनी आपला देव बगून यायचा आन आपुन त्यांच्या टाक्या व्हायच्या? मी जानार. घोटावड्याची मानसं बी बगतील, नामा काय हाय ते!"

 त्याचं म्हणणं मलाही पटत होतं. आणि ते लग्न मलाही हवं होतं.

रविवार उजाडला. काठावर ही गर्दी. बुडालेल्या गावची म्हातारी माणसं आली होती, भैरोबाला नारळ घेऊन. घोटावड्याचे पाचसहाजण सावलीत बसलेले, डोक्याला फेटे. डॉक्टर आणि नामा होडीत बसून निघाले. मी ओसरीवर परात राखत बसलेली. समोर डबी. काय मनात आलं कुणास ठाऊक, मी ती उघडली.

एव्हाना तिच्यात पाच गोळ्या उरायला हव्या होत्या. निघाल्या नऊ. मोजल्या, पुन्हा मोजल्या. चार दिवस त्यानं गोळी घेतली नव्हती. आणि का, तेही मला उभ्या उभ्या कळलं. गोळीनं त्याला गुंगी यायची, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की डोळ्यांवर झोप असणाऱ्याला मी खाली नेणार नाही. तरतरीत दिसावं म्हणून पठ्ठ्यानं गोळीच सोडली होती. फेफऱ्याची गोळी अशी मध्येच बंद केली की ते दुप्पट जोरानं उलटतं, हे मला त्या पुण्याच्या दवाखान्यात दर महिन्याला सांगायचे. पाण्याखाली तोंडातली नळी सुटली तर माणसाला ओरडताही येत नाही.

मी धावले. पदर कुठं, पाय कुठं. होडी हाकेच्या अंतरावर थांबली होती. नामा मुखवटा चढवून होडीच्या कडेवर बसलेला, मागं कलंडायच्या बेतात. कानात सांगायला डॉक्टर जवळ कुठं होते? मी गुडघाभर पाण्यात शिरले आणि डबी हातात उंच धरून होता नव्हता तेवढा आवाज काढला.

"सायेब! त्याला सोडू नगा! त्याला फेफरं येतंया! चार दिस गोळी खाल्ली न्हाई त्यानं!"

पाण्यावरून आवाज लांब जातो. काठावरच्या शेवटच्या माणसापर्यंत गेला.

डॉक्टरांनी नामाचा पट्टा धरला. होडी वळली. नामा उतरला तो माझ्याकडं न बघता बंगल्यात निघून गेला. घोटावड्याचे चुलते उठले, धोतर झटकलं आणि मला ऐकू जाईल असं म्हणाले, "बरं झालं बाई, येळंवर कळलं. सख्ख्या भनीनंच सांगितलं म्हटल्यावर इचारायचं काय ऱ्हायलं?" आणि ते गेले. बायका कुजबुजल्या, "काय बया हाय! हातानं भावाचं लगीन मोडलं."

मी म्हटलं, "मोडलं तर मोडलं! लगीन मोडल्याला मानूस मला शिव्या द्यायला जित्ता तरी हाय!"

आणि आता खरं सांगते. त्या दिवशी नामाला फेफरं आलं नाही. त्या आठवड्यात नाही, त्या महिन्यातही नाही. तो अंगणात बसून तणतणत होता, "बग आक्का, काय झालं मला? काय झालं?" लोक वर्षानुवर्षं मला तेच विचारत आले. काय झालं होतं? काही नाही. अगं, काही होऊ नये म्हणूनच तर ओरडले ना! मला उद्या पुन्हा त्या काठावर उभी केलीत तर मी पुन्हा ओरडेन, याहून मोठ्यानं.

पण एक सल आहे, तो सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. संध्याकाळी डॉक्टरसाहेब ओसरीवर येऊन माझ्याशेजारी बसले. हात पुढं केला. मी डबी दिली. ती उघडून ते म्हणाले, "चुना?"

मी पदरानं परात पुसायला लागले.

"पारूबाई, तुम्ही हे मला आठ दिवस आधी चुलीपाशी सांगितलं असतं, तर मी नामाला म्हटलं असतं, तुझे कान बरे नाहीत. गावाला काही कळलं नसतं."

खरंच होतं ते. ती नवी नवरी परकी होती, तिची गोष्ट मी झाकून ठेवली. माझ्या भावाची साऱ्या तळ्यावर ओरडून सांगावी लागली, कारण जेव्हा कानात सांगायची वेळ होती, तेव्हा मी 'चुना हाय' म्हणाले. ओरडले त्याचं मला दुःख नाही. आधी गप्प बसले, त्याचं आहे.

उठताना डॉक्टर म्हणाले, "पुढच्या रविवारपासून परातीत पहिली वस्तू आपल्या घरची. मग परक्यांची." ती मंडळी पुढं आणखी काही वर्षं येत राहिली, आणि मी तसंच केलं. आधी माझी तपकिरीची डबी उघडून ठेवायची, मग म्हणायची, "आता तुमचं काढा."

महिनाभर तसा तणतणून नामा मग माझ्याशी दीड वर्ष बोलला नाही. ताट वाढलं की भिंतीकडं तोंड करून जेवायचा. गोळी मात्र तो माझ्या हातून घ्यायचा, माझ्यासमोर, जीभ बाहेर काढून दाखवायचा, गिळली म्हणून. चिडवायला. मला चालत होतं. सहा वर्षं स्थळ आलं नाही. मग मारुंजीची एक मुलगी बघायला गेलो. चहा येण्याआधीच मी म्हटलं, "पोराला फेफऱ्याची गोळी चालू हाय. रोज. जलमभर. आता तुमी चहा द्या न्हाईतर देऊ नगा."

घरातली मोठी माणसं एकमेकांकडं बघायला लागली. आणि आतून, दाराआडून, त्या मुलीचा आवाज आला, "जेवनाआदी द्यायची का नंतर?"

ती तुझी आजी.

हे लिहिलेलं मी नामाला वाचून दाखवलं. त्याच्या नावाची गोष्ट आहे, विचारायला नको? ऐकून घेतलं, खोकला, म्हणाला, "छाप. पन भैरोबा मी बगितला न्हाई त्यो न्हाईच, ह्ये बी लिव." लिहिलं. तेवढं त्याचं गाऱ्हाणं माझ्यावर शिल्लक आहे, आणि ते राहू दे. ऐंशीच्या पुढं गेलेल्या माणसाला धरून बसायला एखादं गाऱ्हाणं हवंच.

तर ठके, तुला पाण्यात जाऊ नको असं मी म्हणत नाही. पहिल्यांदा खरं लिहायचं. मग डॉक्टर जा म्हणाला तर जा, मोती काढून आण. नको म्हणाला तर काठावर बस, माझ्यासारखी कुणीतरी पावटे सोलत बसलेली असेल, तिच्याशी दोन गोष्टी कर. आणि तो कागद भरून घेणारा पोरगा तुझा दिवस घ्यायला बसलेला नाही, एवढं ध्यानात ठेव.

आता या रविवारी ये बाई, पुढच्या रविवारवर ढकलू नकोस. गोळ्यांचं पाकीट बरोबर आण, घरी ठेवून येऊ नकोस. परात मी चिंच लावून घासून ठेवलीय, आणि तुझ्या आजोबाची ती डबी तिच्यात आधीच उघडी ठेवलीय. पिठलं-भाकरी करते. तू ये.